आईने बाबांना एसटीत बसवलं तेव्हा

आज दुपारी नातीला, मुक्ताला, समुपदेशक बाईंकडे नेलं होतं. तिला आयबीएस आहे, म्हणजे ताण आला की पोट बिघडण्याचा त्रास. तपासण्या ठीक आहेत, पण कॉलेजला जायला बसमध्ये चढायचं म्हटलं की पोटात कळा येतात. परीक्षा तोंडावर आणि पोर कॉलेजला जात नाही.

बाई म्हणाल्या, "आधी फक्त एक थांबा जा. जमलं की पुढचा."

मला एकदम लहानपणीचं आमचं जव्हार आठवलं. तिथलं संस्थान भारतात विलीन झालं आणि काही वर्षांनी बाबांची मोखाड्याच्या कचेरीत बदली झाली. रोज एसटीने जायचं, पण एसटी दिसली की त्यांचं पोट बिघडायचं. डॉक्टरांना काही सापडेना. महिन्याची रजा संपेपर्यंत बरं वाटलं नाही तर नोकरी जाणार होती.

मग चौथी शिकलेली माझी आई रोज त्यांच्याबरोबर एसटीत बसू लागली. पहिल्या दिवशी दोघं पहिल्याच पाड्याशी उतरली आणि चालत घरी आली. दोन दिवसांनी त्यापुढचा पाडा.

कंडक्टर चेष्टा करायचा, "काय वहिनी, साहेबांना शाळेत सोडायला निघालात?"

"हो. तुम्ही घंटी मारा," आई म्हणायची.

रजा संपली त्या सोमवारी बाबा एकटे मोखाड्याला गेले.

हे सगळं मुक्ताला रस्त्यातच सांगितलं. ती थांब्यावर थबकली. "आजी, आत्ताच जाऊया?"

एक थांबा गेलो. उतरल्यावर म्हणाली, "आता चालत परत ना?"

गुडघे कुरकुरत होते, तरी चालले. तुमच्यासोबत असं कोण चाललं होतं?