सर त्या शुक्रवारी काय म्हणाले

रघुनाथ नेवरेकर सर गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात वारले. वय एकोणऐंशी. त्याआधी सतरा दिवस, शनिवारी संध्याकाळी, मेंदूतल्या रक्तस्रावाने त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. ती परत आली नाही. हा तपशील पहिल्याच परिच्छेदात दिला आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत. निवृत्तीनंतर शाळेच्याच कोपऱ्यातल्या खोलीत दर शनिवारी चार वाजता त्यांचा वर्ग भरे. आखातात निघालेले, बोटीवर जाणारे, आणि मागे राहून कंपन्यांशी, वकिलातीशी पत्रव्यवहार करणाऱ्या बायका त्यात असत. बाकीचं व्याकरण सर भराभर उरकत. रिपोर्टेड स्पीचवर मात्र महिनाभर थांबत. खोलीबाहेर व्हरांड्यात एक लाकडी स्टूल असे. त्यावर बसेल तो निरोप्या. एकीने बाहेर जाऊन त्याला एक वाक्य सांगायचं, त्याने आत येऊन ते वर्गाला सांगायचं. ‘आय ॲम वेटिंग हिअर’ हे वाक्य दारातून आत येताना ‘शी सेड शी वॉज वेटिंग देअर’ का होतं, हे फळ्यावर लिहावं लागत नसे. ती बाहेर होती, आम्ही आत होतो, आणि तिचं बोलून झालं होतं. ‘आय’ तिचा, निरोप्याचा नव्हे. ‘टुडे’ तिचा दिवस, म्हणून सांगताना ‘दॅट डे’. ‘टोल्ड’ म्हटलं की कोणाला, ते सांगावंच लागेल. मग सर बोलणारीला आत बोलावून विचारत, “हेच म्हणालीस?” तिने नाही म्हटलं, तर निरोप्या परत स्टुलावर.

ही रीत त्यांच्या नोकरीच्या काळापासूनची. आठवीत मी निरोप्या असताना एका मुलीचं वाक्य आत आणलं आणि वर ‘ती रडत होती’ असं जोडून दिलं.

“रडत होती? कोणी सांगितलान तुला?”

“मला वाटलं, सर.”

“तुझं वाटणं तुझ्या खिशात ठेव. निरोपात घालू नको.”

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. चूक सापडली की सकाळी सातला फोन वाजे. “‘असे समजते’ छापलंयस. कोणाला समजलं? कोणी सांगितलान? कधी?” मी उत्तर देईपर्यंत ते फोन ठेवत नसत...

हसीना मुकादम या वर्गात आली तेव्हा तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवला होता. वकिलातीला लिहिलेल्या तिच्या पहिल्या अर्जात ‘ते म्हणतात, देऊ’ एवढंच होतं. सरांनी काट मारली. “ते म्हणजे कोण गो? अख्खी कंपनी एका तोंडाने बोलली?” चौथ्या खर्ड्यात सुपरवायझरचं नाव, वार आणि त्याचं वाक्य आलं. नवरा पासपोर्ट घेऊन घरी आला. गेली दोन वर्षं अर्धा वर्ग हसीना घेत होती आणि सर मागच्या बाकावर बसत होते.

सर गेल्यानंतरच्या रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे कार्यवाह म्हणाले, “जाण्याआधीच्या शुक्रवारी मी सरांना भेटलो. माझा हात हातात घेऊन त्यांनी मला सांगितलं, आता हा वर्ग पुरे, खोली संस्थेला द्या. ती त्यांची शेवटची इच्छा.”

हसीना उभी राहिली. “सरांनी? तुम्हाला? तोंडाने सांगितलान?”

“ताई, ही वेळ आहे का?”

“वेळच विचारतेय मी. किती वाजता?”

तिला खाली बसवण्यात आलं. दोन मिनिटं मौन पाळण्यात आलं.

सभेला मी होतो, पण कामावरून रजेवर; बातमी दुसऱ्याने दिली. सोमवारी आमच्याच वर्तमानपत्रात छापून आलं: ‘वर्ग बंद करून खोली संस्थेला द्यावी, असे सरांनी आपल्याला सांगितल्याचे कार्यवाह म्हणाले.’ वाक्य व्याकरणाने निर्दोष होतं. छापण्यापूर्वी कोणी कोणाला विचारलं नव्हतं. सकाळी सातला फोन वाजला नाही.

मग मी विचारलं. कार्यवाह त्या शुक्रवारी आले होते, हे खरं आहे. पावणेपाचला आले, चार-पाच मिनिटं थांबले. त्यातला बराच वेळ ते स्वतःच्या मोबाइलवर बोलत होते. सुलभाकाकू, सरांच्या पत्नी, पूर्ण वेळ खोलीत होत्या. “सतरा दिवस ह्यांना पाण्याचा घोट गिळता आला नाही,” त्या म्हणाल्या. “शब्द कुठून यायचा? आणि हात म्हणशील तर उजवा लुळा, डाव्याला सलाईन. ह्यांनी त्यांचा हात कोणत्या हाताने धरलान?” डॉक्टरांच्या कागदांवर त्या दिवसापुढे लिहिलं आहे: वाचा नाही.

कार्यवाहांना फोन केला. “अहो, भावना समजून घ्या,” ते म्हणाले. “सर डोळ्यांनी बोलले.” डोळ्यांनी नेमके कोणते शब्द, असं विचारल्यावर फोन बंद झाला. ही खोली कार्यालयासाठी घेण्याचा ठराव संस्थेच्या इतिवृत्तात आहे. तो सर आजारी पडण्याच्या दोन महिने आधीचा आहे. खुलाशाची बातमी मी आमच्या कार्यालयात तीनदा दिली. ती छापून आलेली नाही. हा मजकूर पुरवणीत जातो आहे, कारण तो स्मृतिलेख आहे.

खोलीला संस्थेचं कुलूप आहे. स्टूल व्हरांड्यात असल्यामुळे बाहेर राहिलं. गेल्या शनिवारी चार वाजता तिथे फरशीवर सतरा जण बसले होते आणि हसीना शिकवत होती. अंजनवेलहून आलेली एक नवी मुलगी स्टुलावर होती. तिने निरोप सांगितला. हसीनाने बोलणाऱ्याला पुढे बोलावून विचारलं, “हेच म्हणालास?”

तो हो म्हणाला.