बोट नको, जाऊन उभं राहा

बाईंना मांडवगणच्या शाळेत मीच टिकवलं, असं गावात सांगतात. खरं म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष म्हणून त्यांच्या बदलीसाठी शिक्षण खात्याच्या साहेबांना मीच बोलावलं होतं.

बाई तिसरीचा भूगोल पुस्तक मिटून शिकवायच्या. पटांगणात रांगोळीने जिल्हा काढायच्या आणि मुलं घरच्या शेतातली माती आणून त्यात आपलं गाव भरायची. कुणी बोटाने उत्तर दाखवलं की बाई म्हणायच्या, "बोट नको, जाऊन उभं राहा."

साहेबांसमोर एक मेंढपाळाची मुलगी ऊस कुठं, कांदा कुठं, मेंढ्या कुठं बसतात हे सांगत रांगोळीवरून थेट दौंडच्या रेल्वेपर्यंत चालत गेली.

"बघा साहेब, नुसता खेळ हाय," मी म्हणालो.

साहेबांनी मलाच विचारलं, "अध्यक्ष, आपलं गाव कुठं?"

मी बोट केलं.

"आबा, बोट नगं, जाऊन हुबं ऱ्हावा!" ती मुलगी ओरडली.

मी ऐटीत जाऊन उभा राहिलो.

"आबा तर दौंडात गेलं! भीमा वलांडून या अलीकडं!"

साहेबांसकट सगळी शाळा हसली. एकट्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हात धरून मला नदीपार आणलं. मी गावात पाय ठेवताच पोरांनी टाळ्या पिटल्या, आणि बदलीचं नाव साहेबांनी काढलं नाही, मीही नाही.