पंपहाऊसमागची पाच कुत्री

“मॅडम, रिपोर्टमधल्या वेळा पक्क्या आहेत ना?” तुळिंजमधल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर विचारत होते.

“चार महिने रोज तिथे बसून लिहिल्यात,” मी म्हटलं. माझ्या कामाची कोणी इतकी चौकशी केली की मला बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं.

मी मानवशास्त्रज्ञ आहे. लोकांमध्ये राहून ते कसे जगतात ते लिहिणं, हे माझं काम. हल्ली आम्ही माणसं आणि प्राणी एकमेकांबरोबर कसे राहतात, तेही अभ्यासतो. कोण कोणाला खाऊ घालतं, कोण कोणाला घाबरतं. मुलाखती कमी, नुसतं बसून बघणं जास्त. याला फील्डवर्क म्हणतात.

या सोसायटीत भटक्या कुत्र्यांवरून दोन तट पडले होते. कमिटीने मला आत येऊ दिलं, बदल्यात रिपोर्टची एक कॉपी मागितली. मला अट साधी वाटली.

सावंतकाकू शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या. रोज संध्याकाळी सहाला पंपहाऊसमागे पाच कुत्र्यांना भात घालायच्या. पहिले तीन आठवडे त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मग एक दिवस बादली पालथी घालून म्हणाल्या, “बस. उभी राहिलीस की ती बिचकतात.”

त्यांनीच मला एकेक कुत्रं ओळखायला शिकवलं. राणी कोणासमोर खायची नाही. “लाजते ती. आपण पाठ फिरवायची,” काकू म्हणाल्या. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायचो. मागून थाळी चाटल्याचा आवाज यायचा.

रिपोर्ट लिहिताना नियमाप्रमाणे माणसांची नावं बदलली. काकूंची लेखी संमती घेतली होती. “तुम्हाला काही त्रास होणार नाही,” असं सांगून. कुत्र्यांच्या जागा, वेळा, सवयी मात्र जशाच्या तशा लिहिल्या. माझ्या मार्गदर्शक सरांना बारकावे आवडतात.

सेक्रेटरींच्या फोननंतर चौथ्या दिवशी वॉचमनने मला बोलावून घेतलं. आदल्या संध्याकाळी पावणेसहाला एक खासगी टेम्पो आला होता. त्यातल्या लोकांनी भात टाकला, चार कुत्री त्यावर आली आणि जाळ्यात सापडली. राणी येईना.

“मग ते लोक पाठ करून उभे राहिले, मॅडम,” वॉचमन म्हणाला. “ती आली.”

मी तडक सेक्रेटरींकडे गेले. “कुत्री अशी उचलून नेता येत नाहीत. बेकायदेशीर आहे.”

“आम्ही कुठे नेली? गेली असतील कुठेतरी.” मग ते म्हणाले, “माझ्या पुतणीच्या पोटरीला चौदा टाके पडलेत. ते तुमच्या रिपोर्टमध्ये एका ओळीत आलंय.”

ते खरं होतं. एकच ओळ होती. मी तिथून काकूंकडे गेले.

काकूंनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. रिपोर्ट त्यांच्या हातात होता. कमिटीने सगळ्यांना वाटला होता.

“मला मालतीबाई केलंस,” त्या म्हणाल्या. “त्यांचं मात्र सगळं खरं लिहिलंस.”

“काकू, आमचा नियम तसा आहे. माणसांची नावं…”

“सही माझ्याकडून घेतलीस. पकडून त्यांना नेलं.”

त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

कुत्री तिकडे सोडली असतील म्हणून मी आणि वॉचमन हायवेच्या पलीकडे दोन दिवस फिरलो. एकही कुत्रं दिसलं नाही. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या साहेबांनी पुरावा मागितला. वॉचमन नोकरी जाईल म्हणून साक्ष द्यायला तयार नव्हता. माझ्याकडे माझाच रिपोर्ट होता. त्यात कुत्री कुठे राहायची ते होतं, कोणी नेली ते नव्हतं. तक्रार अजून तिथेच आहे. काकूंनी फ्लॅट भाड्याने दिला आणि त्या बहिणीकडे कणकवलीला गेल्या. माझा फोन त्या घेत नाहीत.

आता प्राणी कुठे झोपतो, कधी खातो, कशाला भुलतो, हे मी वहीत लिहिते, रिपोर्टमध्ये नाही. नव्या रिपोर्टवर सरांचा शेरा आला: बारकावे कमी पडतात. मी रिपोर्ट काही न वाढवता तसाच पाठवून दिला.