मिल्ड्यूडच्या चिठ्ठ्या

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला की मी दुधात बोट बुडवून बघणार. नव्वदच्या दशकात सातिवलीला, कॅनव्हासच्या पिशव्या शिवणाऱ्या कारखान्यात मी माल तपासायला लागले, तेव्हा शेटना हा माझा गुणच वाटला.

गोदामात अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली एक मावशी होती. पावसाळ्यात ती दर आठवड्याला पाच-सहा पिशव्या बाजूला काढी आणि त्यांना इंग्रजीत चिठ्ठी लावी, 'मिल्ड्यूड'. परदेशी गिऱ्हाइकाने दोषांची यादी पाठवली होती, त्यातला हा शब्द तिने अक्षर न् अक्षर गिरवून घेतला होता. तो माल जाळायला जाई. मी बी.ए. असून मला न येणारा शब्द चौथी शिकलेली बाई लिहिते, हे मला खुपलं. खरं सांगायचं तर संशय तिथूनच सुरू झाला.

घरी डिक्शनरी काढली. अर्थ दिला होता, बुरशी लागलेला. आता बुरशी मला काय माहीत नव्हती? शिळ्या पावावर येते ती, हिरवी, केसाळ. मावशीच्या पिशव्यांवर तर नुसती पांढरी भुकटी होती. रुमालाने पुसली तर पिशवी कोरी करकरीत. बाई शिवणाचा खडू फासून, जाळायच्या नावाखाली चांगला माल बाहेर काढते आणि विकते, असं मी मनाशी पक्कं केलं.

मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "पुसून नाय समजत. पावसाचं पानी कापडात बसलेलं असतं. नाकाला लाव."

सुक्या मासळीच्या वासात वाढलेल्या बाईने मला वास घ्यायला शिकवावं, याचा रागच आला. मी शेटसमोर पिशवी पुसून दाखवली. मावशीला त्याच दिवशी कामावरून काढलं. ती पिशवी मला बक्षीस मिळाली.

पंधरा दिवसांत माझ्या घरात कुबट वास यायला लागला. वरच्या मजल्यावरचं बाथरूम गळतंय म्हणून मी शेजारणीशी भांडूनही आले. मग दारामागची पिशवी काढली. भुकटी परत आली होती, आणि तिच्याखाली बारीक काळे ठिपके, कितीही घासले तरी न जाणारे. डिक्शनरीत यातलं काहीच नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी पिशवी घेऊन अर्नाळ्याला गेले. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिने पिशवी नुसती नाकाशी धरली आणि परत दिली. मी माफी मागितली, रडलेही. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "शेटला दाखवलीस?"

दाखवली नव्हती. चार दिवस कारखान्यात नेली आणि तशीच घरी आणली होती. पुढेही कधी दाखवली नाही. मावशीच्या जागी आता चिठ्ठ्या मीच लावत होते, आणि प्रत्येक पिशवी आधी नाकाला लावत होते.