मागच्या बॅटऱ्यांचा मीटर

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलून दाखवणारा मी माणूस — आणि एवढं एक तिच्यापासून लपवून ठेवलं. ती गेली तेव्हा वाटलं, चला, आता सांगावं असं कोणी उरलं नाही, सुटलो. पण कुठला सुटतो बापा? आता तुम्ही समोर बसला आहात तर ऐकून घ्या. मला भरकटू मात्र देऊ नका. विषय अवघड झाला की मी बॅटऱ्यांच्या गप्पा मारायला लागतो, ही माझी जुनी खोड आहे.

पण इथं सुरुवात बॅटऱ्यांपासूनच करावी लागेल.

शहरात सदर भागात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. आणीबाणीच्या दोन-तीन वर्षं आधी शहरातल्या एका धर्मादाय संस्थेनं जुनी बस घेऊन तिचा डोळ्यांचा फिरता दवाखाना केला. खेड्यात जायचं, चार-चार दिवस मुक्काम ठोकायचा. डॉक्टरांचं झोपणं, रांधणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या बसमध्येच. धूळ नको म्हणून ऑपरेशनच्या खोलीला खिडकीच ठेवली नव्हती, त्यामुळे भरदुपारीही आत दिवा लागायचा. खेड्यात तेव्हा वीज कुठली? म्हणून मागे दोन मोठ्या बॅटऱ्या ठेवल्या, त्यांच्यावर दिवे आणि पंखे. इंजिन चाललं की त्या भरायच्या, गाडी उभी राहिली की उतरत जायच्या. ते वायरिंग माझं. उद्घाटनाला अध्यक्षांनी चारचौघांत माझं नाव घेतलं, गळ्यात हार घातला. तो हार सुकून काळा पडला तरी मी दुकानात टांगून ठेवला होता. हसू नका. तेव्हा मला तो फार मोठा वाटायचा.

गाडीवर ड्रायव्हर होता सुखदेव. इंदोऱ्याचा. त्याच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. हे काहून सांगतो, ते पुढे येईल.

आता माझ्या कामातली खोट ऐका. ड्रायव्हरच्या समोर जो मीटर होता, तो फक्त इंजिनच्या बॅटरीचा. मागच्या दोन बॅटऱ्यांत किती उरलं हे सांगणारं गाडीत काहीच नव्हतं. मी म्हटलं होतं, काय गरज? गाडी चालली की तिन्ही सोबतच भरतात, एकीवरून बाकीच्यांचा अंदाज येतो. येतो का? कागदावर येतो. चार दिवस झाडाखाली उभ्या असलेल्या गाडीत येत नाही. पुढच्या बॅटरीला काहीच काम नाही, मागच्या दोघी राबून राबून अर्ध्या झालेल्या — आणि काटा आपला मजेत भरलेलाच दाखवत राहतो.

हे सुखदेवनं पहिल्याच मुक्कामात ओळखलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण गाडीचं अंग न् अंग त्याला कळायचं. परत आला तो सरळ दुकानात. म्हणाला, "भाऊ, पुढचा काटा तर भरलेलाच दाखवते, पण मांग किती उरलं ते मले दिसून नाही राहिलं. तिकडं एक अलग मीटर लावून द्या ना."

मी उडवून लावलं. दुसऱ्यांदा आला, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर त्याची टिंगल केली — तू आता मले वायरिंग शिकवतं का गा? सगळे हसले. तोही थोडा हसला. तिसऱ्यांदा तर तो कबाडातून एक जुना मीटर घेऊनच आला, स्वतः घासूनपुसून. फक्त जोडून द्या म्हणाला. अर्ध्या तासाचं काम होतं हो. मी तो घेतला, खणात टाकला, आणि पाहू म्हणालो.

का नाही लावला? जोडला असता तर ज्या कामासाठी हार घेतला त्यात खोट होती हे दिसलं असतं. आणि दुसरं — जे मी स्वतःशीसुद्धा कितीतरी वर्षं कबूल केलं नाही — ते हे की सुखदेवसारख्यानं मला शिकवावं, हे मला सोसलं नाही. सुखदेवसारख्यानं म्हणजे काय, ते मला पुरतं ठाऊक होतं. तुम्हालाही कळलं असेल.

मग उमरेडकडच्या एका गावात, मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, ऑपरेशन चालू असताना दिवा पिवळा पडला. मग लाल. मग गेला. डोळा उघडा, त्यावर डॉक्टरांचा हात, आणि मिट्ट काळोख. इंजिन सुरू करावं तर गाडी हादरणार, म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. सुखदेवनं टॉर्च आणला आणि ऑपरेशन होईपर्यंत धरून उभा राहिला. त्या बाईचा तो डोळा गेला. तिचं नाव? मी कधी विचारलंच नाही.

संस्थेनं चौकशी लावली. तिघं जण टेबलाच्या पलीकडे. सुखदेवचं आधी झालं, तो बाहेर बाकावर बसला होता. मला आत बोलावलं. त्यांनी एवढंच विचारलं — ड्रायव्हर म्हणतो की त्यानं तुमच्याकडे अलग मीटर तीनदा मागितला, खरं आहे का?

थांबा. इथपर्यंत मी मनात हजारदा आलो आहे, आणि इथून पुढे प्रत्येक वेळी बॅटऱ्यांवर घसरलो आहे.

मी म्हणालो, "नाही साहेब. त्यानं कधीच मागितला नाही."

कोणी दटावलं नव्हतं, कोणी कोंडीत पकडलं नव्हतं. खरं बोललो असतो तर फार फार तर संस्थेचं काम सुटलं असतं, माझं दुकान काही बुडत नव्हतं. पण मी तेवढ्यावरही थांबलो नाही. वर आपणहून जोडलं की दुपारचा पंखा लावून झोपत असेल, बॅटरी उतरणार नाही तर काय. तिघांपैकी एकानं मान डोलावली. आम्हालाही तेच वाटलं, म्हणाला. वाटणारच होतं. त्याच्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवतील हे मला दाराच्या आत पाऊल ठेवण्याआधी माहीत होतं. त्याच भरवशावर मी खोटं बोललो.

बाहेर आलो तर सुखदेव उभा राहिला. माझ्या तोंडाकडे पाहत होता. आणि मी — कशी जीभ वळली कोण जाणे — त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मी सांगितलं गा, तू मागितला होता म्हणून. पण ते ऐकूनच नाही राहिले." त्याचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून तो कितीतरी वेळ उभा होता.

त्याला काढून टाकलं. दाखल्यावर निष्काळजी असा शेरा मारला. त्या शेऱ्यावर पुन्हा कोणी त्याच्या हातात गाडी दिली नाही. तो कन्हानकडे कोळशाच्या ट्रकांवर भरणीला जायला लागला. स्टिअरिंगवर बसणारा माणूस फावडं मारायला लागला. इकडे मी पंधरा दिवसांत त्या बसमध्ये मागच्या बॅटऱ्यांचा अलग मीटर बसवला. सूचना माझीच म्हणून लिहून घेतली गेली. पुढच्या कार्यक्रमात शाल मिळाली. घेतली मी ती.

आठ-दहा वर्षांनी कळलं, सुखदेव छातीच्या दुखण्यानं गेला. भेटायला गेलो. का गेलो? पुन्हा पुन्हा विचारतो स्वतःला. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्याचा फोटो. त्याच्या बायकोनं मला कधी पाहिलं नव्हतं. नाव सांगितलं तशी ती रडायला लागली. म्हणाली, "हे तुमचं नाव लय घेत. म्हणत, त्या खोलीत माह्या बाजूनं एकटे भाऊच बोलले."

तेव्हा सांगता आलं असतं. घरात तिसरं माणूस म्हणजे फक्त त्याची मुलगी होती, लग्नाची झालेली, चहाचा कप घेऊन उभी. चारचौघांत नाही, दोघींसमोर सांगायचं होतं. आई तिला म्हणाली, पाया पड वं, ह्यायच्या.

मुलीनं कप खाली ठेवला आणि वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणालो, आणि बसून तो चहा प्यालो.