सेल्सो आरेकोचा थर्मास

सेल्सो आरेको आमच्या भागातल्या तीन कुरणांवर गाई भरवतो, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. वळूच्या वीर्याच्या कांड्या अतिथंड टाकीतून चिमट्याने काढायच्या, कोमट पाण्यात धरायच्या आणि खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून काम उरकायचं. वीस वर्षांत त्याच्या हातून काही हजार वासरं जन्माला आली. दुकानासमोर बसणारे लोक त्याला रोज विचारतात, "काय जावईबापू, आज कुठल्या सासुरवाडीला?"

त्याच्या घरी मात्र नऊ वर्षांत पाळणा हलला नाही. दोष कुणाचा, याबद्दल गावात शंका नव्हती. त्याची आई, जिला सगळे मानाने 'न्या' पेत्रोना म्हणतात, चारचौघांत म्हणायची, "तीन कुरणं भरवणारा माझा मुलगा. त्याच्यात खोट असेल होय?" मग ती सुनेसाठी, निमियासाठी, कडू मुळ्या कुटायची आणि तेरेरेत, म्हणजे पानांवर बर्फाचं पाणी ओतून नळीने ओढायच्या पेयात, घालून तिला पाजायची. निमिया प्यायची. सेल्सो समोर बसलेला असायचा.

गेल्या जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, निमिया म्हणाली, "माझ्या तीन तपासण्या झाल्या. तिन्ही चांगल्या आल्या. आता तू एक कर. नाहीतर मी बहिणीकडे जाते आणि परत येत नाही."

तपासणीची बाटली प्रयोगशाळेने आधीच दिली होती. नमुना घरी घेतला तरी चालेल, तासाभरात पोचवा, असं सांगितलं होतं. सेल्सोने तो पहाटे न्हाणीघरात घेतला. बसमध्ये बाटली हातात धरून बसायची कशी, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. आमच्याकडे उन्हाळ्यात तेरेरेच्या पाण्याच्या थर्मासाशिवाय बाहेर पडणारा पुरुष दिसत नाही, आणि दुसऱ्याचा थर्मास कुणी उघडत नाही. त्याने बाटली पिशवीत गुंडाळली आणि थर्मासात बर्फावर ठेवून झाकण लावलं. हा माल थंडीत ठेवायचा, ही वीस वर्षांची हातांची सवयही होतीच.

बसमध्ये कुंपणं बांधणारा लिनो शेजारी येऊन बसला.

"सेल्सो, ओत की. घसा कोरडा पडलाय."

"पाणी संपलंय."

"बर्फ तर वाजतोय."

"औषध आहे त्यात. पोटाचं."

"तुझ्या पोटाचं की गाईच्या?"

पुढची दोन बाकं हसली. आमच्याकडे तेरेरे मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही. सेल्सो पुढचा पाऊण तास खिडकीबाहेर बघत राहिला.

प्रयोगशाळेतल्या मिर्ताबाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, काच बदलली, पुन्हा पाहिलं. "एकही हलत नाही. सेल्सो, हे कसं आणलंत?"

त्याने थर्मास दाखवला.

मिर्ताबाईंनी झाकण उघडून आतला बर्फ पाहिला. "तुम्ही गाई भरवता ना? वळूचं वीर्य गोठवायच्या आधी त्यात काय घालतात?"

"अंड्याचा बलक. ग्लिसरीन."

"कशासाठी?"

"थंडीने मरू नयेत म्हणून."

"मग तुमच्यात कोणी बलक घातला होता?"

हे तो नव्या पोरांना दरवर्षी शिकवतो. मान खाली घालून तो म्हणाला, "पुन्हा देतो."

चार दिवसांनी त्याने नमुना तिथेच दिला. या वेळी मिर्ताबाईंनी त्याला आत बसवलं. शुक्राणू पुरेसे होते. ते हलतही होते, पण थोडे, आणि लवकर थकत होते. ज्या द्रवात ते असतात तोच कमी होता, आंबट होता आणि त्यात साखर नावापुरती होती.

"त्या साखरेवर ते चालतात," मिर्ताबाई म्हणाल्या. "बाईच्या अंगात आंबटपणा असतो. त्यापासून हाच द्रव त्यांना वाचवतो. तुमचे लोक निघतात, पण शिदोरीशिवाय. डॉक्टरांना दाखवा. काही वेळा उपाय असतो."

"असा वळू आम्ही कळपातून काढतो," सेल्सो म्हणाला.

"तुम्ही वळू नाही. बायकोला मात्र आजच सांगा."

त्याने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तपासणीचा कागद त्याने हातमोज्यांच्या खोक्यात ठेवला. निमिया रोज विचारायची आणि तो म्हणायचा, अजून आला नाही.

रविवारी दुपारी आंब्याखाली तिघं बसली होती. न्या पेत्रोना खलात मुळ्या कुटत होती. "ही नवी आणलीय," ती म्हणाली. "लिनोच्या मावशीला ही घेतल्यावर पाच महिन्यांत दिवस गेले. तू मनापासून पीत नाहीस, निमिया, म्हणून गुण येत नाही."

निमियाने पेल्यासाठी हात पुढे केला. सेल्सोने तो मध्येच घेतला आणि नळीने शेवटपर्यंत ओढला.

"अरे, ते बायकांचं आहे," आई म्हणाली.

"दोष माझा आहे, आई. कागद आलाय. मंगळवारीच आला."

न्या पेत्रोनाचा बत्ता थांबला. "यंत्रं चुकतात. तुझ्या हातची वासरं—"

"ती वळूची वासरं आहेत."

निमिया त्याच्याकडे बघत होती. तिने आवाज चढवला नाही. "शंका कधीपासून होती?"

खोटं बोलायला जागा होती. पण कामाच्या खोलीत कांड्या तपासायला सूक्ष्मदर्शक आहे, हे निमियालाही माहीत होतं.

"सहा वर्षांपूर्वी एकदा काचेखाली पाहिलं होतं," तो म्हणाला. "जरा वेळ हलले. मग थांबले. मी काच धुऊन टाकली."

"सहा वर्षं मी हे पीत होते."

"हो."

आमच्याकडे तेरेरे एकजण ओततो आणि पेला एकेकाकडे पाळीने फिरतो. त्या घरात निमिया ओतते. तिने पेल्यातला कडू चोथा मातीवर आपटून काढला, नवी पानं भरली आणि पहिला पेला सासूला दिला. न्या पेत्रोनाने तो खाली मान घालून घेतला. दुसरा पेला निमिया स्वतः प्यायली. मग सेल्सोची पाळी होती. तिने पेला भरून परत सासूकडे दिला.

तीन फेऱ्या तशाच गेल्या. सेल्सो उठला नाही. थर्मासातला बर्फ संपला तेव्हा निमिया म्हणाली, "डॉक्टरकडे मी बरोबर येणार. आणि लिनो अजून विचारतोय, थर्मासात कसलं औषध होतं. बसमध्ये भेटला की त्याला तूच खरं सांगायचं."