भिंतीवरचं जाळं

ब्रह्मपुरीत तो आधी दिवाण-कपाटं बनवायचा, मग पीओपीची छतं करू लागला. आता सगळे त्याला ‘इंटेरियरवाले भाऊ’ म्हणतात. कुठल्याही घरात शिरला की एक डोळा मिटून भिंत बघतो. म्हणतो, “लूक नाई येऊन राह्यला.”

मोहर्लीच्या रिसॉर्टात लावायला त्याने बाबांचं मासोळीचं जुनं जाळं मागितलं. “फाटकंच पायजे, काका.”

फाटकी वस्तू कुणाला द्यायची कशी? बाबांनी बसून सगळी भोकं सांधली. तो पाया पडला, जाळं घेऊन गेला.

त्या रिसॉर्टात मी खोल्या झाडतो. बाबांनी जिथे जिथे सांधलं, तिथे तिथे त्याने कात्री चालवली आहे.

परवा तो तिथेच भेटला. एक डोळा मिटून जाळ्याकडे बघत म्हणाला, “काकाले आण ना एकदा पाहाले.”